भाऊ पंधरा वर्षांनी जेलमधून सुटलाय. गावी न्यावा की इथंच ठेवावा? यातून गेलेलं कुणी आहे का?

माणदेशी_लेक

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, आम्ही दादाच म्हणतो त्याला, २००९ ला आत गेला. भावकीतलं भांडण. बांध कोरला म्हणून शिवीगाळ झाली, मग काठ्या निघाल्या आणि आमचा चुलतभाऊ गेला. दादाच्याच हातून गेला, ते मी कधी नाकारलं नाही आणि दादानंही नाही. जन्मठेप झाली, हायकोर्टात कायम राहिली. शेवटची काही वर्षं पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीकामाला होता, आणि माफी वगैरे धरून शिक्षा पूर्ण करून तीन महिन्यांपूर्वी सुटला. वडील तो आत असतानाच वारले. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा कशीबशी रजा मिळून दहाव्याला पोचला.

आता तो आमच्याकडे हडपसरला आहे. दोन खोल्या, आम्ही नवरा बायको, दोन मुलं, सासूबाई. नवरा खूप समजूतदार आहे, सासूबाई पण काही बोलत नाहीत, पण घरात सगळेच जरा दबकून वागतात हे मला दिसतं. दादा दिवसभर खिडकीपाशी बसून असतो. पहाटे साडेचारला उठून आंघोळ करून अंथरुणाची घडी घालून बसतो, चहा दिला तर पितो, नाही दिला तर मागत नाही. बाहेर जायचं असलं तर दाराजवळ येऊन उभा राहतो, कडी काढत नाही, कुणीतरी काढेल म्हणून थांबतो. परवा मी विचारलं जेवायला काय करू, तर त्याला उत्तरच सुचेना, डोळ्यात पाणी आलं त्याच्या.

कामासाठी चार ठिकाणी जाऊन आलो. सिक्युरिटीवाल्यांनी पोलीस व्हेरिफिकेशन म्हटल्यावर विषयच संपला. एका गोडाऊनमध्ये ठेवलं होतं, आठव्या दिवशी कुणीतरी सांगितलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून फोन आला. तो ४२ वर्षांचा आहे, मेहनती आहे, ठिबक जोडणं, पंप खोलणं, डाळिंबाची छाटणी सगळं येतं. टच फोन मात्र अजून भीत भीत धरतो.

गावी साडेतीन एकर रान आहे, विहीर आहे, वाट्यानं लावलंय. पण चुलत्यांचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जो गेला त्याची बायको तिथंच राहते, मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता, आता सतरा वर्षांचा झाला असेल. फर्लोवर (जेलमधून मिळणाऱ्या रजेवर) यायचा तेव्हा दादा गावात जायचाच नाही, मावशीकडे थांबायचा. काही नातेवाईक म्हणतात आता शिक्षा भोगून झाली, हक्काचं घर आहे, बिनधास्त जाऊ दे. मला रात्र रात्र झोप लागत नाही हा विचार करून.

मुलांनाही काय सांगायचं कळत नाही. धाकटा ९ वर्षांचा आहे, परवा विचारत होता मामा इतकी वर्षं कुठं होता.

सरकारची काही मदत असते का, काम कसं मिळतं, कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

---

भट्टीवाला

ताई मी स्वतः ११ वर्षं काढून आलोय. सुटून ७ वर्षं झाली. तुमच्या दादाचं दार वाचलं आणि हात थांबला, कारण मी पण असाच उभा राहायचो. माझी बायको म्हणायची अहो तुम्हाला कडी दिसत नाही का. दिसते हो, पण इतकी वर्षं दार उघडणं हे दुसऱ्याचं काम होतं ना. सकाळी गिनती झाली की उघडायचं, संध्याकाळी सहाच्या आत परत गिनती आणि बंद. मला सुटल्यावर वर्षभर संध्याकाळचे सहा वाजले की छातीत धडधडायचं, बाजारात असलो तर वाटायचं उशीर झाला, आता काहीतरी होणार. लाईट बंद केली की झोप यायची नाही, बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. तुमच्याकडे जागा कमी आहे तर एक छोटा दिवा चालू ठेवून बघा, तो स्वतःहून सांगणार नाही.

आणि जेवायला काय करू असं विचारू नका सध्या. त्याऐवजी पिशवी आणि पाचशे रुपये द्या हातात आणि म्हणा मंडईतून भाजी घेऊन ये, कुठली ते तूच बघ. हिशोब मागू नका. मला माझ्या सासऱ्यांनी असंच पाठवलं होतं. पहिल्या दिवशी मी तीन किलो भेंडी आणली, दुसरं काही सुचलंच नाही, गाळ्यासमोर पाऊण तास उभा होतो. घरात कुणी हसलं नाही, दोन दिवस भेंडी खाल्ली सगळ्यांनी. महिन्याभरानं मी भाव करायला लागलो. माणूस असा हळूहळू येतो बाहेर, गेटमधून बाहेर येणं वेगळं आणि हे वेगळं.

काम: मी आत बेकरीला होतो, पाव खारी टोस्ट सगळं शिकलो. बाहेर आल्यावर दोन बेकऱ्यांनी नाही म्हटलं, तिसऱ्यानं रात्रपाळी दिली कारण रात्री त्याला माणूस मिळत नव्हता. तेव्हा सरळ सांगतो, पहिलं काम असं शोधा की जिथं त्यांना माणसाची गरज जास्त आहे. आणि लपवू नका. मी पहिल्या ठिकाणी लपवलं होतं, कळलं तेव्हा मला काढलं त्यापेक्षा, तू खोटं बोललास असं ते म्हणाले त्याचं जास्त लागलं.

त्याला सांगा एक माणूस म्हणाला की सहा वाजताची धडधड जाते. वेळ लागतो पण जाते.

---

फाईलवाली

मी बारा वर्षं सुटून आलेल्या बंद्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या सोबत काम करते. भट्टीवाले दादांनी जे लिहिलं ते आम्ही ट्रेनिंगमध्येही इतकं नीट सांगत नाही.

मी कागदांचं सांगते कारण तिथंच सगळ्यांचं अडतं. सुटताना जेलमधून सुटकेचा दाखला मिळाला असेल तो आधी सांभाळा, चारपाच झेरॉक्स काढून ठेवा, लॅमिनेशन करू नका कारण काही ठिकाणी मूळ कागदावर शिक्का बघतात. आतमध्ये केलेल्या कामाची मजुरी आणि त्याच्या नावावर जमा असलेले पैसे पूर्ण मिळाले का ते त्याला विचारा, बरेच जण गेटवर सही करताना घाईत बघतच नाहीत. खुल्या कारागृहात कुठलं काम केलं, किती वर्षं केलं याचं लेखी काही मिळालं असेल तर ते पण फाईलला लावा, नसेल तर अर्ज करून मागा.

मग आधार. तुमचा भाऊ आत गेला तेव्हा आधार नव्हतंच, देशातलं पहिलं आधार २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला दिलं गेलं. आतल्या कॅम्पमध्ये त्याचं काढलं असेल, पण मोबाईल नंबर जोडलेला नसणार, आणि नंबर नसला की ओटीपी नाही, ओटीपी नसला की पुढचं काहीच नाही. त्याच्याच नावावर सिम घ्या, तुमच्या नवऱ्याच्या नावावरचं जुनं नको. नंबर जोडायला कागद लागत नाही, तो स्वतः केंद्रावर गेला पाहिजे. शेतीकाम करून बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, तेव्हा घाबरून परत येऊ नका, डोळ्यावरून होतं, तसं करायला सांगा.

जुनं बँक खातं असेल तर ते मेलेलं नाही. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की निष्क्रिय होतं, केवायसी दिली की परत चालू होतं. दहा वर्षं उलटली असतील तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात गेलेले असतात पण तरी आपल्याच बँकेत अर्ज करून परत मागता येतात. रेशनकार्डातून नाव कमी झालंय का ते गावच्या तहसीलला बघावं लागेल.

मदतीचं. महिला व बालविकास विभागाखाली प्रत्येक जिल्ह्यात परिविक्षा अधिकारी असतात. लोकांना वाटतं ते फक्त मुलांच्या केसेस बघतात, पण शिक्षा भोगून आलेल्यांचं पुनर्वसन हेही त्यांच्याच टेबलावर येतं, छोटा धंदा उभा करायला एकरकमी मदतीची योजना आहे त्यांच्याकडे. गृहचौकशी होते, कागद लागतात, वेळ लागतो, दोनतीन चकरा धराच. सध्या किती रक्कम आणि काय अटी ते तिथंच विचारा. मुंबई ठाण्यात कुणी असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास प्रकल्प १९९० पासून हेच काम करतोय, सुटलेल्यांना सुरुवातीला एखाद्या संस्थेत कामावर बसवून महिन्याला मानधन देतात, म्हणजे काम करायची सवयही लागते आणि दाखवायला अनुभवही होतो. विदर्भात अमरावतीची वऱ्हाड संस्था आहे.

मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल इतकंच. मामाच्या हातून मोठी चूक झाली, एक माणूस गेला, त्याची शिक्षा म्हणून तो जेलमध्ये होता, आता शिक्षा संपली. मुलं एवढं पचवतात. शाळेत दुसऱ्याकडून कळलं तर ते पचत नाही.

गावचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, त्यावर मला अजून विचार करू दे.

---

सह्याद्री८८

एक ऍड करतो, शिक्षा झाली की मतदानाचा हक्क पण कायमचा जातो, पासपोर्ट पण मिळत नाही कधी, त्यामुळे त्या भानगडीत पडू नका.

---

काळाकोट_सातारा

नाही, हे दोन्ही चुकीचं आहे आणि अशा ऐकीव गोष्टींमुळे लोकं हक्क असून अर्ज करत नाहीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मतदान फक्त आत असेपर्यंत करता येत नाही (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२ चं पोटकलम ५). सुटला की हक्क आहेच. यादीतून नाव उडालेलं असणार, फॉर्म ६ भरायचा, संपलं. आमदारकी खासदारकीला उभं राहायला मात्र दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटल्यापासून सहा वर्षं बंदी असते, लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

पासपोर्ट: नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षं शिक्षा असेल तर अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत दोषी ठरलेला नसावा असं कलम आहे. ही पाच वर्षं दोषी ठरल्यापासून मोजायची, सुटल्यापासून नव्हे. ताईंच्या भावाला ती अडचण राहिलेली नाही. दुसरी केस कोर्टात चालू असेल तर ती वेगळी बाब.

नोकरीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याची माहिती विचारली असेल तर खरी भरा. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग खटल्याचा निकाल सरकारी नोकरीत सगळीकडे दाखवला जातो. माहिती दडवली तर दडवणं हेच काढून टाकायला कारण होऊ शकतं, खरी दिली तर मालकानं तिचा विचार करायचा असतो, अर्थात नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही. खाजगीत हा निकाल थेट लागत नाही पण शहाणपण तेच.

आणि एक, गावी जाल तर हे माहीत असू द्या. गणपती, यात्रा, ग्रामपंचायत निवडणूक आली की जुन्या नावांना चॅप्टरची नोटीस येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १०७, ११० म्हणायचे, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६ आणि १२९. ही शिक्षा नसते, नवा गुन्हाही नसतो, शांतता राखीन असा बाँड लिहून घेतात. नोटीस बघून माणूस हादरतो आणि पळून जातो, आणि मग खरोखर अडकतो. हजर राहायचं, वकील घ्यायचा, काम करतोय याचे कागद दाखवायचे. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, फोनवरून विचारायचं तर १५१००.

---

लेथ_भोसरी

माझं छोटं वर्कशॉप आहे, १४ माणसं. त्यातले दोन जण आत राहून आलेले आहेत, एक सुतार होता आतमध्ये, त्याच्या हाताला इतकं माप आहे की मी त्याला पॅकिंगच्या लाकडी पेट्या सोपवल्या त्या गेली पाच वर्षं तोच बघतो.

मालकाच्या बाजूनं सांगतो. पहिल्याला घेतलं तेव्हा मी फक्त सुपरवायझरला सांगितलं होतं. सहा महिन्यांनी एक व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं अवजार) हरवलं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या कारण तोपर्यंत शॉपमध्ये कुजबुज झालेली होतीच. तो माझ्याकडे आला, स्वतःची पिशवी टेबलावर उलटी केली आणि म्हणाला साहेब बघा. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, मी सगळ्यांना बोलावलं आणि सगळ्यांच्या, माझ्यासकट, पिशव्या टेबलावर ठेवल्या. व्हर्नियर मशीनमागे पडलेलं सापडलं नंतर. तेव्हापासून नियम केला की काही हरवलं तर सगळे शोधतील, कुणा एकाला विचारायचं नाही.

तर ताई, कामावर ठेवताना मालकाला भेटून खरं सांगाच पण एवढंही सांगा की काही झालं तर आधी मला फोन करा. मालकाला पण कुणीतरी पाठीमागे आहे हे कळलं की धीर येतो. आणि सुरुवातीला पगार आठवड्याला द्या म्हणावं, महिन्याचा हिशोब पहिल्या दिवशी जमत नाही.

डाळिंबाची छाटणी आणि ठिबक येतं म्हणालात ना. माझ्या मेव्हण्याची सासवडला नर्सरी आहे, अंजीर सीताफळ डाळिंबाची रोपं करतात, त्याला माणूस टिकत नाही. मी त्याच्याशी बोलतो, तुम्ही मेसेज करा.

---

लॅमिनेट_निकाल

माझा थोडा वेगळा मुद्दा, विषय भरकटला तर माफ करा. माझा नवरा साडेतीन वर्षं कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, आत होता आणि निर्दोष सुटला. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे चारातले तीन. बहुतेक मदत शिक्षा झालेल्यांसाठी आखलेली, आमच्यासारख्यांना विचारलं की म्हणतात तुम्ही तर निर्दोष आहात, मग काय प्रॉब्लेम आहे. प्रॉब्लेम हा की नोकरी गेली, घर सोडावं लागलं, मुलीची फी थकली, आणि चाळीत अजून म्हणतात सुटला कसातरी. मी निकालाची सर्टिफाईड कॉपी कायम पर्समध्ये ठेवते.

---

फाईलवाली

@लॅमिनेट_निकाल तुमचं अगदी खरं आहे, कच्च्या कैद्यांच्या सुटकेनंतर त्यांचं काय झालं हे विचारायलाच कुणी नसतं. एक मात्र सांगते, तुमच्यासाठी नसलं तरी वाचणाऱ्यांपैकी कुणाचा नवरा आत्ता आत असेल तर मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जरूर करा, मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, बालकल्याण समितीकडून होतं. आणि पहिलाच गुन्हा असेल तर नव्या संहितेच्या कलम ४७९ खाली कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला की जामिनासाठी बघता येतं, फाशी जन्मठेपेचे गुन्हे सोडून. जेलमध्ये येणाऱ्या विधी सेवा वकिलाला हे नाव घेऊन विचारा.

---

निनावी_सोलापूर

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या वडिलांना पाण्याच्या पाळीवरून मारलं, मी तेव्हा आठवीत होते. लिहू नये असं वाटत होतं पण ताईंनी गावाचं विचारलंय आणि वर इतक्या जणांनी इतकं लिहिलं तरी त्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

ज्यानं मारलं तो सुटून आला तेव्हा आम्हाला कुणीही सांगितलं नाही. पोलिसांनी नाही, सरपंचांनी नाही, त्यांच्या घरच्यांनी तर नाहीच. माझी आई दळण घेऊन चक्कीवर गेली आणि तो तिथं डबा घेऊन उभा होता. ती दळण तिथंच टाकून घरी आली. पुढं दोन महिने ती रानात सुद्धा गेली नाही. आम्हाला राग होताच, पण त्याहून जास्त असं वाटलं की सगळ्या गावाला माहीत होतं आणि फक्त आमच्यापासून लपवलं, म्हणजे आम्हीच कुणी नाही.

तो माणूस मरावा असं मला वाटत नाही. त्यानं शिक्षा भोगली, त्याला खायला प्यायला लागतं, घर लागतं, मला कळतं. पण ताई, तुमच्या त्या वहिनीला आधी कळू दे. दादा गावात पाय ठेवायच्या आधी, पंधरा दिवस आधी, कुणीतरी तिला मान देऊन सांगू दे की तो येणार आहे, या दिवशी, इतक्या दिवसांसाठी. तिला तयारी करू दे. तिच्या मुलाला तर जास्तच, सतरा वर्षांचं पोर आहे, त्यानं बापाचा चेहरा पण पाहिलेला नाही नीट, आणि गावातली चार टाळकी त्याच्या कानाला लागायला बसलेलीच असतात.

आणि माफी मागायला त्याला घेऊन जाऊ नका. लोकं असं करतात, चार प्रतिष्ठित माणसं घेऊन दारात जातात, पाया पडायला लावतात. आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. माझ्या आईनं चहा ठेवला त्यांच्यासाठी. रात्रभर रडली नंतर. ती माफी त्यांना हवी होती, आम्हाला नको होती. ती वहिनी स्वतःहून बोलावेल तेव्हाच जायचं, नाही बोलावलं तर नाही.

---

माणदेशी_लेक

निनावी ताई, मी तुमचं तीनदा वाचलं. खरं सांगू का, मी एवढं सगळं लिहिलं आणि त्यात वहिनीची मला भीती वाटते एवढंच आलं, तिला काय वाटत असेल हे माझ्या मनात आलंच नाही. पंधरा वर्षांत आमच्यापैकी कुणी तिच्याशी एक शब्द बोललेलं नाही. आईच्या दहाव्याला पण नाही. ती माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी आहे, तिच्या लग्नात मी करवलीसारखी मिरवले होते.

दादाला मी तुमचं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, उठून बाहेर जाऊन उभा राहिला. कडी स्वतः काढली.

---

आटपाडीकर

आमच्या भागातलं म्हणून सांगतो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, १९३९ मध्ये औंध संस्थाननं वसवलेली कैद्यांची खुली वसाहत, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश माणसाची कल्पना आणि औंधच्या राजेसाहेबांनी ती उचलून धरली. अजून चालू आहे. तिथं कैदी बायकापोरांसकट राहतात, शेती करतात. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या रानातली भाजी बाजारात यायची आणि लोक बिनघोर घ्यायचे. सवयीचा भाग आहे. शिक्षा चालू असतानाच बायको शेजारी आहे, पोरगं शाळेला जातंय, बाजाराच्या माणसांची तोंडं ओळखीची आहेत, तर सुटल्यावर दाराशी अडकून उभं राहायची वेळ कशाला येईल. अशा जागा इतक्या थोड्या का राहिल्या याचं मला कायम वाईट वाटतं. बाकी गावाच्या बाबतीत मी निनावी ताईंशी सहमत.

---

भट्टीवाला

निनावी ताई, मी पण गेलो होतो एका दारात, चार माणसं घेऊन. त्यांनी पण पाणी दिलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आज तुमचं वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही.

---

माणदेशी_लेक (सहा आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

लेथ दादांच्या मेव्हण्यांनी दादाला नर्सरीवर ठेवून घेतलं. मी आणि माझा नवरा दोघं गेलो होतो, बसून सगळं खरं सांगितलं, बांधापासून. ते म्हणाले माझ्याकडे बांधच नाही, तारेचं कुंपण आहे, या उद्यापासून. आता महिना झाला. कलमं बांधायला शिकतोय. आठवड्याचा पगार मिळतो, पहिल्या पगारातून माझ्या धाकट्याला कंपासपेटी आणली आणि सासूबाईंना चष्म्याची दोरी. मुलांना आम्ही सांगितलं, फाईलवाली ताईंनी लिहिलं होतं तसंच. मोठी गप्प झाली दोन दिवस, मग परत त्याच्याशी बुद्धिबळ खेळायला लागली, आतमध्ये शिकलाय तो, चांगला खेळतो.

आधारला नंबर जोडला (ठसे खरंच येत नव्हते, डोळ्यावरून झालं), बँक खातं नवीन काढलं, फॉर्म ६ भरला. परिविक्षा अधिकाऱ्यांकडे एक चक्कर झाली, दुसरी पुढच्या सोमवारी.

गावाचं. मी वहिनीच्या माहेरच्या मावशी आहेत त्यांच्यामार्फत निरोप दिला, आमच्या बाजूचं कुणी पाठवलं नाही. निरोप एवढाच की तो सुटलाय, पुण्यात आहे, तुम्हाला सांगितल्याशिवाय गावात येणार नाही. महिनाभर काहीच उत्तर नाही. परवा मावशींचा फोन आला. वहिनी म्हणाल्या, यात्रेला नको. पण चुलतीच्या, म्हणजे आमच्या आईच्या, वर्षश्राद्धाला येऊ द्या, आम्ही दोघं मायलेक त्या दिवशी माझ्या भावाकडे जाऊ, सकाळी जाऊन रात्री येऊ. तर आम्ही त्या दिवशी जाणार आहोत आणि दिवस मावळायच्या आत निघणार आहोत. रान वाट्यानंच राहील, दादा म्हणाला मला तिकडं आत्ता राहायचंच नाही.

एक प्रश्न राहिला, काळाकोट साहेब बघतील तर बरं होईल. हडपसर ते सासवड रोज दिवे घाट चढून जायचं, एसटी पीएमपीची वेळ जुळत नाही. नवऱ्याची जुनी गाडी आहे. आईच्या ट्रंकेत दादाचं टू व्हीलरचं लायसन्स सापडलं, २००८ चं. त्यावर २०२८ पर्यंत लिहिलंय, पण जन्मठेप झाली म्हटल्यावर ते रद्दच झालं असणार ना? नवीन काढायचं तर लर्निंगपासून सुरू करावं लागेल का?

---

काळाकोट_सातारा

रद्द होत नाही. गाडीशी संबंधित गुन्हा असेल किंवा गुन्ह्यात गाडी वापरली असेल आणि कोर्टानं तसा आदेश केला असेल तरच लायसन्सवर गदा येते. तुमच्या केसमध्ये तसं काही नाही. तेव्हाच्या नियमानं २० वर्षांचं मिळालंय, २०२८ लिहिलंय तर २०२८ पर्यंत चालतं. ऑनलाईन सारथीवर (लायसन्सची सरकारी वेबसाईट) त्याची नोंद दिसते का ते एकदा आरटीओत बघून घ्या, पत्ता बदलून घ्या. दोन चार रविवार मोकळ्या मैदानावर हात बसवू दे आणि हेल्मेट घ्या, दिवे घाटात ट्रक फार असतात.